शब्द कोणाचे, शब्दांकन कोणाचे?

१

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी समीक्षेने आत्मकथनाच्या स्वरूपावर बरेच लिहिले आहे. अनुभवाची सत्यता, 'मी'चे प्रातिनिधिकत्व, बोलीचा वापर, आत्मचरित्र व आत्मकथन यांतील भेद हे सारे प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून इतके घोळले गेले आहेत की, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही ते अनुक्रमांकासह सांगू शकतो. या सर्व चर्चेत एका शब्दाकडे मात्र आपण सातत्याने दुर्लक्ष केले. तो शब्द अनेक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर किंवा आतील पानावर लहान टाइपात छापलेला असतो: 'शब्दांकन'.

हा शब्द निरुपद्रवी नाही. पुस्तकातील 'मी' ज्या वाक्यांतून बोलतो, ती वाक्ये त्या 'मी'ने लिहिलेली नाहीत, एवढी प्रचंड गोष्ट त्यात सांगितलेली असते. तरीही समीक्षक ती वाक्ये उद्धृत करून निवेदिकेच्या शैलीवर, तिच्या प्रतिमासृष्टीवर, तिच्या संयमावर निर्णय देतो. कोणाचा संयम? सांगणारीचा की लिहून घेणाऱ्याचा? हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले आणि साधूंनी ते शब्दबद्ध केले, हे मराठी वाचकाला माहीत आहे. शांताबाई दाणी यांच्या 'रात्रंदिन आम्हां'चे शब्दांकन भावना भार्गवे यांचे. या दोन्ही पुस्तकांचे मोल वादातीत आहे आणि शब्दांकन करणाऱ्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. एका पुस्तकाच्या शीर्षकातच 'ऐका' अशी आज्ञा आहे आणि आपण मात्र ते वाचून मोकळे झालो. ऐकण्याजोगे काही उरले आहे काय, अशी चौकशीही केली नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सांगितलेल्या आयुष्याचा अभ्यास ही स्वतंत्र शिस्त आहे, तिला स्वतःची साधने व नीती आहे, आणि ती शिस्त मराठी विभागांनी स्वीकारली नाही तर आत्मकथनांवरील आपली बरीचशी समीक्षा पायाशिवाय उभी राहील. या शिस्तीला जगात आकार कसा आला हे पाहताना एका लहान धर्मादाय संस्थेचे उदाहरण उपयोगी पडते. ते सविस्तर मांडण्याचे कारण अनुकरण हे नव्हे. आपल्याकडील उणीव नेमकी कोठे आहे, ते त्या तुलनेत स्पष्ट दिसते.

२

ब्रिटनमधील 'ओरल हिस्टरी सोसायटी' १९७३ साली स्थापन झाली. तिच्या मागे मोठा निधी नव्हता, राजाश्रय नव्हता. १९६९ च्या डिसेंबरात लंडनच्या 'ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ रेकॉर्डेड साऊंड'मध्ये काही अभ्यासक एकत्र आले होते. त्या बैठकीतून आधी वार्तापत्र आणि मग संस्था, असा हा क्रम आहे. एसेक्स विद्यापीठातील पॉल थॉम्प्सन हे या चळवळीचे प्रमुख प्रवर्तक. त्यांनी १९११ च्या जनगणनेतील व्यवसायांच्या प्रमाणानुसार निवडलेल्या सुमारे साडेचारशे वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींतून एडवर्डकालीन समाजाचे चित्र १९७५ साली ग्रंथरूपाने मांडले आणि १९७८ मध्ये 'द व्हॉइस ऑफ द पास्ट' या ग्रंथात या पद्धतीची तात्त्विक मांडणी केली. त्यांच्याही आधी जॉर्ज एवार्ट इव्हान्स यांनी सफोकमधील आपल्या शेजाऱ्यांना, शेतमजुरांना आणि घोडे राखणाऱ्यांना बोलते केले होते. त्या कामावरील त्यांचे पहिले पुस्तक १९५६ चे.

या संस्थेचे कार्य काय? ती स्वतः मोठे संग्रहालय चालवत नाही. ती एक नियतकालिक काढते, वार्षिक परिषद भरवते, ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने नवशिक्यांना मुलाखत घेण्याचे व ती जतन करण्याचे शिक्षण देते आणि देशभर विखुरलेल्या स्वयंसेवी सल्लागारांचे एक जाळे सांभाळते. एखाद्या खेड्यातील वाचनालयाला आपल्या भागातील बंद पडलेल्या खाणीची हकीकत ध्वनिमुद्रित करावयाची असेल, तर यंत्र कोणते घ्यावे, प्रश्न कसे विचारावेत, संमतिपत्रात काय लिहावे आणि मुद्रणे अखेर कोठे ठेवावीत, हे सांगणारा माणूस त्या वाचनालयाला मिळतो. काम किरकोळ वाटते. परंतु ज्ञानशाखा अशाच किरकोळ कामांनी उभ्या राहतात. भाषाशास्त्राला लिप्यंतरणाचे संकेत लागतात, पुरातत्त्वाला थरांची नोंदवही लागते. तशी सांगितलेल्या शब्दाला एका सामायिक शिस्तीची गरज असते. ती शिस्त विद्यापीठाबाहेरील हौशी संग्राहक आणि विद्यापीठातील अध्यापक या दोघांनाही लागू व्हावी, हे या संस्थेचे खरे वैशिष्ट्य.

तिच्या नियतकालिकात सत्तरच्या दशकाच्या प्रारंभीच राफाएल सॅम्युएल यांनी प्रतिलेखनाच्या धोक्यांविषयी एक टिपण लिहिले. बोललेला शब्द कागदावर उतरताना त्याची लय मोडते, अडखळणे गाळले जाते, विषयांतर 'सुधारले' जाते, आणि बोलणाऱ्याच्या क्रमाऐवजी लिहिणाऱ्याचा क्रम येतो, हा त्यांचा मुद्दा. मराठी समीक्षकाने हे टिपण इतिहासाच्या खात्यात ढकलून देण्याचे कारण नाही. ते शुद्ध संहिताचिकित्सा आहे. आपण ज्ञानेश्वरीच्या एका ओवीच्या पाठभेदासाठी हस्तलिखिते धुंडाळतो. विसाव्या शतकातील एका जिवंत स्त्रीच्या तोंडचे वाक्य छापील पानापर्यंत येताना किती पाठांतून गेले, याविषयी मात्र आपल्याला कुतूहल नाही.

३

या शिस्तीविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. तिन्हींचा विचार क्रमाने केला पाहिजे.

पहिला आक्षेप इतिहासकारांचा, आणि महाराष्ट्रात तो विशेष बळकट आहे. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी बखरींच्या तुलनेत समकालीन अस्सल कागदाला जे श्रेष्ठत्व दिले, त्यातून आपल्या इतिहाससंशोधनाला कणा मिळाला, हे नाकारता येत नाही. ऐकीव गोष्टी रचून सांगणाऱ्या बखरकाराला कागदाने उघडे पाडले, ही उपलब्धीच होती. परंतु तिच्यातून पुढे एक अंधश्रद्धा जन्मली: ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास नाही. कागद कोणाच्या घरी होते, हा प्रश्न तिने विचारला नाही.

स्मृती चुकते, हे खरेच. परंतु चुकलेली स्मृती निरुपयोगी असते काय? आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत केलेला अभ्यास या प्रश्नाचे उत्तर देतो. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या हातून मारला गेला. तो मोर्चा नाटो करारात इटलीने सामील होण्याच्या विरोधात होता. पुढे कित्येक कामगारांनी पोर्तेल्लींना सांगताना हा मृत्यू १९५३ मध्ये, मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या रस्त्यावरील संघर्षात घडल्याचे सांगितले. कागद पाहणाऱ्याने 'चूक' असा शेरा मारून पान उलटले असते. पोर्तेल्ली तेथेच थांबले. एका साथीदाराचा मृत्यू ज्या सभेत झाला ती सभा त्या मृत्यूला पुरेसा अर्थ देऊ शकत नव्हती, म्हणून सामूहिक स्मृतीने तो उचलून अधिक मोठ्या लढ्यात ठेवला, असे त्यांनी दाखवले. येथे चूक ही घटनेविषयी खोटी आणि अर्थाविषयी खरी साक्ष ठरते. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला यापेक्षा अधिक मोलाचे साधन कोणते हवे?

तेर्नीला जाण्याचेही कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. अशा घटनेचा शेवट कागदात शोधणारा रिकाम्या हातांनी परत येईल. तो शेवट ज्यांनी संप केला त्यांच्या बोलण्यात, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात वेगळ्या दिवशी, सापडू शकतो. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील सुमारे शंभर आवाज एकत्र करून २००४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्याची नोंद आपल्या नागरी साहित्याच्या चर्चेत यावी तेवढी येत नाही. नारायण सुर्वे यांची कविता आणि जयंत पवार यांचे 'अधांतर' यांवर आपण प्रबंध लिहवून घेतो. त्या कवितेत व नाटकात जे लोक आहेत त्यांनी स्वतः काय सांगितले, हे मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानतो.

४

दुसरा आक्षेप सिद्धांतनाचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. देरिदांच्या विचाराशी परिचय झालेला अभ्यासक म्हणेल: आवाज म्हणजे सान्निध्य, आवाज म्हणजे अस्सलपणा ही धारणाच पाश्चात्त्य तत्त्वपरंपरेचा जुना भ्रम आहे, ध्वनिफितीमागे धावून तुम्ही तोच भ्रम पुन्हा प्रतिष्ठित करीत आहात. स्पिवाक यांच्या १९८८ च्या निबंधाचा आधार घेऊन दुसरा म्हणेल: वंचिताला बोलते करणारा अभ्यासक प्रत्यक्षात आपलेच बोलणे त्याच्या तोंडी घालतो.

हा आक्षेप योग्य ठिकाणी लागू केला तर तो मौखिक इतिहासाच्या बाजूने उभा राहतो. ध्वनिमुद्रणात 'शुद्ध आवाज' असतो, असे या शाखेतील जाणता अभ्यासक म्हणत नाही. बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यासकेंद्रातील 'पॉप्युलर मेमरी ग्रुप'ने १९८२ मध्ये थॉम्प्सन यांच्या अनुभववादावर कठोर टीका केली होती. स्मृती ही भूतकाळाची पेटी नसून वर्तमानातील सामाजिक संघर्षाचे क्षेत्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही टीका पचवूनच ही शाखा पुढे गेली. मायकेल फ्रिश यांनी १९९० साली 'सामायिक अधिकारा'ची जी संकल्पना मांडली, तिचा गाभा हाच: मुलाखत ही दोघांनी मिळून घडवलेली संहिता असते, आणि तिचा अर्थ ठरवण्याचा अधिकारही त्या दोघांत विभागलेला असतो.

म्हणजे मौखिक इतिहासाची शिस्त प्रश्नकर्त्याला दृश्य करते. त्याचा प्रश्न, त्याचा सूर, त्याची घाई, मध्येच तोडलेले वाक्य हे सारे मुद्रणात उरते. याउलट आपले शब्दांकन प्रश्नकर्त्याला पुसून टाकते आणि उत्तरांची सलग ओळ लावून ती स्वयंस्फूर्त स्वगत असल्याचा भास निर्माण करते. सान्निध्याचा भ्रम निर्माण होतो तो येथे, छापील पानावर. फिलिप लजून यांनी १९८० मध्ये 'जे लिहीत नाहीत त्यांच्या आत्मचरित्रा'विषयी विवेचन करताना लेखकत्वाच्या या विभाजनाकडेच बोट दाखवले होते. मराठीत विखंडनावर व्याख्याने देणाऱ्यांनी शब्दांकनाचे विखंडन का केले नाही, याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

बोलीचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. शेतमजूर स्त्रीचे बोलणे छापताना 'व्हतं', 'म्या', 'आन्' अशी रूपे आवर्जून ठेवली जातात. तीच मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकाचे बोलणे मात्र प्रमाण लेखननियमांप्रमाणे छापले जाते. प्राध्यापकही बोलताना स्वर गिळतो, वाक्ये अर्धवट सोडतो. पण लेखनात उच्चार फक्त एकाच वर्गाला असतो, दुसऱ्याला व्याकरण. याच्या उलट टोकाला अख्खे कथन प्रमाणभाषेत धुऊन काढण्याची रीत आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय लिहिणाऱ्याचा असतो आणि तो कोठेही नोंदलेला नसतो. त्यानंतर आपण 'बोलीचे सामर्थ्य' या मथळ्याखाली त्या निर्णयाचे कौतुक निवेदिकेच्या नावावर जमा करतो.

५

तिसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. संमतिपत्रे, स्वामित्वहक्क, जतनाची व्यवस्था ही सारी कारकुनी. तिचा वाङ्मयाशी काय संबंध? आणि ही शिस्त परकी आहे, ती आपल्याला कशाला?

कारकुनीपासून सुरुवात करू. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार बोललेला शब्द मुद्रित होताच त्यावर बोलणाऱ्याचा स्वामित्वहक्क निर्माण होतो; ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा असतो. म्हणून संबंधित संस्थेचे मार्गदर्शन सांगणाऱ्याच्या लेखी संमतीचा आग्रह धरते. याचा वाङ्मयीन अर्थ लक्षात घेतला पाहिजे. लेखक कोण, या ज्या प्रश्नावर आपली समीक्षा मौन बाळगते, त्याचे उत्तर तेथील कायद्याने देऊन टाकले आहे: बोलणारा हा शब्दांचा कर्ता आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याला दिला आहे. ओटीवर बसून सांगितलेल्या आयुष्याविषयी मात्र तितकी स्पष्ट तरतूद त्यात नाही. जेथे कायदा अस्पष्ट असतो, तेथे अभ्यासकाची नीती अधिक स्पष्ट असावी लागते.

या नीतीचा अभाव किती महाग पडतो, हे अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या प्रकरणात दिसले. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळात घेतल्या गेल्या. सांगणारा हयात असेपर्यंत त्या गुप्त राहतील, असा त्यांचा समज करून देण्यात आला. २०११ साली त्या मुलाखतींसाठी न्यायालयीन हुकूम निघाले आणि आश्वासनाची किंमत उघडी पडली. कायदा जे देऊ शकत नाही ते अभ्यासकाने देऊ केले होते. अत्याचार, जातीय हिंसा, कुटुंबातील छळ यांविषयी आपले विद्यार्थी गावोगाव मुलाखती घेत हिंडतात, तेव्हा ते कोणते आश्वासन देतात? विभागात त्याची नोंद असते काय? बहुतेक ठिकाणी प्रबंधाच्या परिशिष्टात चार पाने मुलाखत छापली जाते, पदवी मिळते आणि मूळ ध्वनिफीत किंवा भ्रमणध्वनीतील मुद्रण कालांतराने नाहीसे होते. सांगणारे म्हातारे माणूसही तोवर गेलेले असते. एखाद्या विभागाने आपल्या संग्रहातील जुने हस्तलिखित असे गमावले असते, तर त्यावर निषेधाचे ठराव झाले असते.

आता परकेपणाचा मुद्दा. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्या 'लीळाचरित्रा'चा गौरव करतो, त्याची निर्मितिप्रक्रिया तरी काय होती? चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली. आणि वेगवेगळ्या परंपरांच्या आठवणींत जेथे भेद आढळला तेथे तो दडपून न टाकता 'वासना' म्हणून नोंदवण्याची रीत पंथाने पाळली. कोणी सांगितले, कोणाच्या सांगण्यात काय वेगळे होते, हे जपणे हा त्या श्रद्धेचाच भाग होता. तेराव्या-चौदाव्या शतकातील या साक्षेपाशी तुलना केली असता आजचे शब्दांकन मागासलेले ठरते.

अलीकडच्या काळातही हा साक्षेप अगदीच लोपलेला नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली दिला. चळवळीच्या कागदपत्रांत ज्या स्त्रियांच्या वाट्याला जेमतेम ओळ येई, त्या तेथे नावानिशी उभ्या राहिल्या. गी पॉइतवँ व हेमा राइरकर यांच्या प्रकल्पातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजाराहून अधिक गावांतून गोळा झाल्या. २०१७ पासून 'परी'ने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तो गायिकेचे व गावाचे नाव देऊन. लोकसाहित्याच्या आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'अनामिक लोकमानस' ही संकल्पना या एका गोष्टीने संकटात येते. ओवी अनामिक नव्हती. लिहून घेणाऱ्यांनी नाव विचारले नव्हते.

मात्र हे सारे प्रयत्न एकेकट्यांच्या चिकाटीवर उभे आहेत, आणि ती चिकाटी संपली की काम थांबते. त्यांना जोडणारे, त्यांच्या अनुभवातून पुढच्याला शिकवणारे आणि मुद्रणांना कायमचे घर शोधून देणारे असे काही मराठीत उभे राहिलेले नाही. त्या लहान संस्थेच्या उदाहरणाचा अर्थ येथे लागतो.

६

मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली, शब्दांकित पुस्तकाच्या प्रारंभी प्रकाशकाने व शब्दांकनकाराने पुढील माहिती देणे बंधनकारक मानावे: मुलाखती कोणत्या काळात, किती बैठकांत झाल्या, क्रम कोणी लावला, भाषेत कोणते बदल केले, सांगणाऱ्याने अंतिम मजकूर ऐकून मान्यता दिली काय, मूळ मुद्रण अस्तित्वात आहे काय व कोठे आहे. दुसरी, ही माहिती नसेल तर समीक्षकाने शैलीविषयक विधाने करताना 'निवेदिकेची शैली' हा शब्दप्रयोग टाळावा. तिसरी, ज्या प्रबंधात मुलाखतींचा आधार आहे त्याची मुद्रणे, अनुक्रमणिका आणि संमतिपत्रे यांसह विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा केल्याखेरीज तो प्रबंध स्वीकारला जाऊ नये.

चौथी मागणी शासनाकडे किंवा विद्यापीठ अनुदान मंडळाकडे नाही. भव्य भवन, त्याचे उद्घाटन आणि मग कुलूप हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा महाराष्ट्रात ज्यांनी वापरला, त्यांनी वाचनालये चालवली, नाट्यसंस्था चालवल्या, मासिके चालवली. त्याच चौकटीत वर्गणीवर चालणारी, प्रत्येक जिल्ह्यात एखाद-दुसरा जाणता सल्लागार असलेली, वर्षातून दोन अंक काढणारी आणि मुलाखत घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्याला दोन दिवस बसवून शिकवणारी एक लहान संस्था अशक्य नाही. ती लहान असणेच इष्ट. मुद्रणांची मालकी तिने घेऊ नये. ती ग्रंथालयांकडे राहावी. संस्थेने फक्त शिस्त सांभाळावी.

या संस्थेलाही धोके आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. ब्रिटनमध्ये १९९४ नंतर लॉटरीच्या निधीतून वारसाप्रकल्पांना पैसा मिळू लागल्यावर मौखिक इतिहासाचा प्रसार झाला, तसा त्याचा ओढा काही ठिकाणी गोड स्मरणरंजनाकडे गेला. चाळीतील सलोखा आठवतो, चाळीतील शौचालयाच्या रांगेतली भांडणे आठवत नाहीत, असा प्रकार तेथेही घडतो. आपल्याकडे तर जातीने स्मृतीवरही पहारा ठेवलेला आहे. कोण कोणासमोर काय सांगेल, हे विचारणाऱ्याच्या आडनावावर ठरते. म्हणूनच प्रश्नकर्त्याला पुसून टाकणारे शब्दांकन आपल्याला अधिक घातक आहे. विचारणारा कोण होता हे कळल्याशिवाय उत्तराचा अन्वयार्थ लागत नाही.

ज्यांनी १९८२ चा संप पाहिला, १९७२ चा दुष्काळ सोसला, नामांतरासाठी मार खाल्ला, त्या पिढ्या आज वृद्ध आहेत. त्यांच्याविषयीचे साहित्य उपलब्ध आहे आणि त्या साहित्याची समीक्षाही होत राहील. त्यांचे स्वतःचे बोलणे मात्र एकदाच मुद्रित करता येते. मराठी विभागांनी याच शैक्षणिक वर्षापासून आपल्या कपाटांतील, विद्यार्थ्यांच्या घरांतील आणि निवृत्त सहकाऱ्यांकडील मुलाखतींच्या मुद्रणांची एक साधी यादी करावयास घ्यावी. ती यादी झाल्याखेरीज आत्मकथनाच्या भाषेवर नवे चर्चासत्र भरवण्याचा आपल्याला अधिकार नाही.